'सगळं मस्त चाललंय' असं घरी सांगताना

प्रश्न: (ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.)

सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदार घरातली ही २४ वर्षांची मुलगी ऑगस्टच्या अखेरीला स्वीडनमध्ये उप्साला इथे दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी गेली. घरातून परदेशी शिकायला गेलेली ती पहिलीच. शिक्षणासाठी मोठं कर्ज काढलं आहे आणि वडिलांनी त्यासाठी जमीन तारण ठेवली आहे. पत्र १४ डिसेंबरचं आहे. ती लिहिते: "ताई, इथे दुपारी पावणेतीनला अंधार पडतो. कॉरिडॉरमध्ये आम्ही बारा जण एक स्वयंपाकघर वापरतो, पण चार महिन्यांत 'हाय'च्या पुढे कुणी बोललेलं नाही. एकदा मी फोडणी दिली तर एकानं उठून खिडकी उघडली. तेव्हापासून मी स्वयंपाक बंद केला, खोलीतच ब्रेड खाते. कपडे धुण्याच्या खोलीत मशीनवर चिठ्ठी होती, 'वापरून झाल्यावर जाळी साफ करा'. ती माझ्यासाठीच असणार. रात्री दहाला आजूबाजूच्या इमारतींतून पोरं खिडक्या उघडून किंचाळतात, मी खिडकी लावून घेते. आठवड्याला दोन-तीनच लेक्चर असतात. शिक्षकांना काही विचारलं तर 'तुला काय वाटतं?' असं उलट विचारतात. दोन कोर्सपैकी एकात मी नापास झाले, कुणी बोलावून विचारलंसुद्धा नाही. काल लुसिया या इथल्या सणाची मिरवणूक बघायला गेले. मेणबत्त्या घेऊन मुली गात होत्या आणि मी मागे उभी राहून रडत होते. घरी यातलं काही माहीत नाही. मी बर्फाचे फोटो पाठवते, 'सगळं मस्त चाललंय' म्हणते. पप्पा ते फोटो गावात दाखवतात. पुढच्या सत्राची फी भरून झाली आहे. मी परत येऊ का? आले तर तोंड कसं दाखवू? आणि राहिले तर जगू कशी?"

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी घेते. 'जगू कशी' हे तू बोलण्याच्या ओघात लिहिलंस, की खरंच जीव नकोसा होतो असे विचार मनात येतात? सरळ विचारते आहे, कारण ही गोष्ट आडून विचारण्यात वेळ जातो. असे विचार येत असतील तर माझं पुढचं सगळं उत्तर बाजूला ठेव. जिवाला धोका वाटत असेल तर ११२ ला फोन कर. एरवी ११७७ ही आरोग्य सल्ल्याची लाइन दिवसरात्र चालते, इंग्रजीत बोललीस तरी चालेल. विद्यापीठाचं विद्यार्थ्यांसाठीचं आरोग्य केंद्र असतं, तिथे समुपदेशक असतात. आणि यातलं काहीच सुचलं नाही तर कॉरिडॉरमधलं कुठलंही दार वाजव आणि 'मला मदत हवी आहे' एवढंच म्हण. 'हाय'च्या पुढे कधी न गेलेला माणूसही हे ऐकून दार लावून घेणार नाही.

ते विचार नाहीत असं धरून पुढे लिहिते.

मीसुद्धा स्वीडनमध्ये दोन वर्षं काढली आहेत, २००४ ते २००६, तुझ्या गावाच्या पुष्कळ उत्तरेला, उमेओत. तेव्हा आपल्यासारख्या युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही तिथे फी नव्हती. ती २०११ पासून लागू झाली. त्यामुळे तुझ्या डोक्यावर जमिनीचं जे ओझं आहे ते माझ्या डोक्यावर नव्हतं, आणि हा फरक लहान नाही. बाकी तुझ्या पत्रातलं बरंच काही वाचताना मला माझी तिथली खोली दिसली. उमेओत डिसेंबरात सूर्य साडेनऊच्या सुमारास वर यायचा आणि दोनच्या आत मावळायचा. त्या पहिल्या डिसेंबरात मी तीन वेळा परतीच्या तिकिटाची चौकशी केली होती.

म्हणून पहिली विनंती. परत यायचं की राहायचं, हे आत्ता ठरवू नकोस. राहिलीस की सगळं आपोआप बरं होईल, असं मी म्हणत नाही, ते मला माहीत नाही. पण तू ज्या आठवड्यात पत्र लिहिलंस तो वर्षातल्या सगळ्यात काळोख्या आठवड्यांपैकी एक. उप्साला साठाव्या अक्षांशाला जवळजवळ टेकलेलं आहे. डिसेंबरात तिथे जेमतेम सहा तास उजेड असतो, तोही ढगांतून गाळून आलेला. त्यात नाताळच्या सुट्टीत तिथली मुलं आपापल्या घरी जातात आणि कॉरिडॉर ओस पडतो. अशा दिवसांत माणूस जे ठरवतो त्यातलं किती त्याचं स्वतःचं आणि किती अंधाराचं, हे त्याला त्या वेळी कळत नाही. २० मार्चच्या आसपास मात्र उप्सालातला दिवस आणि सांगलीतला दिवस जवळपास सारखाच असेल, बारा तासांचा. तिथून पुढे तुझा दिवस तुझ्या घरच्यांच्या दिवसापेक्षा मोठा होत जाईल. फी भरून झाली आहे, तेव्हा जानेवारीत निर्णय घेऊन पैशाचा फायदा होण्याची शक्यताही कमी. निर्णयाची तारीख मार्चअखेर ठेव आणि ती खरोखर कॅलेंडरवर लिही.

तोवर रोज दुपारी बारा ते एकच्या दरम्यान बाहेर पड. अर्धा तास, ढग असले तरी, बर्फ पडत असला तरी. घराबाहेर पडायचं मन नसेल त्या दिवशी तर नक्कीच. आरोग्य केंद्रात ड जीवनसत्त्वाबद्दल विचार. हे सगळं तुझ्या मनाच्या कमकुवतपणामुळे होतंय असं तुला वाटत असेल तर एक सांगते. मी परतल्यावर काही वर्षांनी, २०१२ मध्ये, उमेओतल्या बसथांब्यांवर प्रकाशोपचाराचे दिवे बसवले होते, सकाळी बसची वाट बघणाऱ्यांना तेवढाच उजेड मिळावा म्हणून. ते दिवे मुख्यतः तिथेच जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या माणसांसाठी होते.

आता त्या खिडकीकडे येऊ.

एक मुलगा उठला, त्यानं खिडकी उघडली. पत्रात घडलेलं असं एवढंच आहे. त्याला वास आवडला नाही, त्याला आपलं जेवण आवडत नाही, त्याला मी आवडत नाही, या पुढच्या तीन पायऱ्या तू एकटीनं चढलीस आणि ब्रेडवर येऊन बसलीस. कॉरिडॉरच्या स्वयंपाकघरात धूर झाला की छतावरचा अलार्म कोकलतो आणि सगळ्यांना खाली उतरावं लागतं, म्हणून तिथे अंडं तळतानाही खिडकी उघडतात. बरं, धरून चालू की त्याला वास खरंच आवडला नव्हता. आपल्याकडे सुकट भाजताना शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात, म्हणून कुणी सुकट सोडून देतं का? मोहरी आण, हिंग आण, खिडकी आधीच उघड आणि फोडणी दे. दोन महिने गरम अन्न पोटात नसेल तर मनाची अवस्था हीच होणार.

चिठ्ठीचंही तसंच. तिथे धुलाईची खोली सगळ्या इमारतीची मिळून असते, वेळ आधी राखून ठेवायची असते, आणि त्या खोलीतल्या चिठ्ठ्या हा स्वीडनमधला अगदी रोजचा प्रकार. मशीनच्या जाळीवर, फ्रिजवर, सायकलींच्या खोलीत, सगळीकडे चिठ्ठ्या. तोंडावर बोलण्याचा धीर होत नाही म्हणून माणसं लिहून लावतात. ती चिठ्ठी तुझ्यासाठी होती असं म्हणायला तुझ्याकडे कुठलाच पुरावा नाही. पण जिनं किंवा ज्यानं ती लिहिली, ती व्यक्ती तुझ्याइतकीच बुजरी आहे एवढं मात्र नक्की.

माझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मुलीनं वर्षभरानं मला सांगितलं होतं, की बाहेर कुणी आहे का याचा कानोसा घेऊनच ती दार उघडायची, उगाच बोलावं लागू नये म्हणून. मी भिंतीच्या अलीकडे नेमकं तेच करत होते. दोघी आपापल्या दाराला कान लावून उभ्या, आणि दोघींची खात्री, की पलीकडच्या बाईला आपण नको आहोत. आपल्याकडे 'जेवलीस का?' विचारणं ही माया असते. त्यांच्याकडे दुसऱ्याला न छेडणं ही सभ्यता असते, आणि ते ती मनापासून पाळतात. त्या शांततेचा अर्थ तू मराठीत लावते आहेस, म्हणून तो इतका लागतो आहे.

मग ओळखी होतात कशा? माझा अनुभव असा, की तिथे गप्पांतून मैत्री क्वचित होते, कामातून होते. उप्सालात तुझ्याकडे यासाठी एक गोष्ट आहे जी आमच्याकडे उमेओत नव्हती: तिथली तेरा नेशन्स, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जुन्या संघटना. त्यांची कॅफे, जेवणं, गाण्याचे जलसे सगळं विद्यार्थीच चालवतात. तू बहुधा एखाद्या नेशनची सभासद झाली असशील, एकदा पार्टीला जाऊन कोपऱ्यात उभी राहून परतली असशील. पाहुणी म्हणून जाऊ नकोस. स्वयंपाकघरात काम करायला नाव दे. चार तास कांदा चिरायचा, भांडी पुसायची. हात कामात असले की बोलायला विषय शोधावा लागत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुणीतरी तुझं नाव घेऊन हाक मारतं. मी एका गायनवृंदात शिरले होते. स्वीडिश शब्द कळत नसत, सूर कळत. स्वीडनमध्ये गावोगावी गायनवृंद असतात आणि पुष्कळ ठिकाणी नवखं माणूस चालतं. तुला गाणं नको असेल तर ग्रंथालयात भाषा-कॅफे असतात, जिथे लोक मुद्दाम परक्यांशी मोडकंतोडकं स्वीडिश बोलायला बसतात. चाळीस शब्द आले तरी दुकानातला, बसमधला दिवस वेगळा जातो.

आमंत्रण देण्याची रीतही बदलावी लागेल. 'ये ना कधीतरी' हे त्यांना निरोपाचं वाक्य वाटतं. तिथे सगळं दिनदर्शिकेवर चालतं, आणि आठवड्यांना नंबर असतात, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेलच. मग तूही फ्रिजवर चिठ्ठी लाव, त्यांच्याच पद्धतीनं: 'आठवडा ५, रविवार, दुपारी चार. मी कांदेपोहे करणार आहे. कुणालाही येता येईल.' आठ दिवस आधी लाव. दोघंच आले तर उरलेले पोहे सोमवारी डब्यात ने आणि आठवडा ८ ची चिठ्ठी लिहायला घे.

स्टॉकहोम तुझ्यापासून रेल्वेनं पाऊण तासाच्या आत आहे आणि तिथे मराठी घरं आहेत. महिन्यातून एकदा जाऊन पोटभर मराठी बोलून ये. दर शनिवारी मात्र तिकडे पळू नकोस, नाहीतर उप्साला तुझ्यासाठी नुसतं झोपायचं गाव होईल.

अभ्यासाचं मला त्या मानानं सोपं वाटतं, कारण तिथे काय चुकलं ते दिसतं आहे. तुझ्या इंजिनिअरिंगच्या कॉलेजात दिवसभर लेक्चर, मग प्रॅक्टिकल, जर्नल, सबमिशन, ओरल. म्हणजे अभ्यासाचा वेळ दुसऱ्यांनी आखून दिलेला. तिथे आठवड्याला दोन-तीन लेक्चर बघून तुला वाटलं असणार, चला, काम हलकं आहे. पण हिशेब कर: साडेसात क्रेडिटचा कोर्स म्हणजे पूर्णवेळ अभ्यासाचे पाच आठवडे. आठवड्याला ४० तास धरले तर २०० तास. त्यातले लेक्चरचे मूठभर, बाकीचे सगळे तू स्वतः वाचून आणि गटात बसून भरायचे, हे गृहीत धरलेलं. तिथल्या मुलांना हे शाळेपासून माहीत असतं, म्हणून कुणी सांगत नाही. तुझी बुद्धी कमी पडली असं मला पत्रात कुठेही दिसलं नाही. तास कमी पडले.

'कुणी बोलावून विचारलंही नाही' हे तुला लागलं, आणि मी ते समजू शकते. आपल्याकडे नापास झालेल्या पोराला सर निदान रागावतात तरी, आणि रागावण्यात दखल असते. तिथे प्रौढ माणसाला त्याच्या अभ्यासाबद्दल आपणहून विचारणं हा त्याच्या कारभारात नाक खुपसण्याचा प्रकार मानतात. 'एगेत आन्स्वार', स्वतःची जबाबदारी, हा शब्द तुझ्या कानावर आला असेल. पण तू गेलीस तर वेळ देतात. 'तुला काय वाटतं?' हा प्रश्न तुला टाळण्यासाठी नसतो. त्यांना खरंच तुझं अर्धंकच्चं उत्तर हवं असतं, म्हणजे गाडी कुठे अडली ते दिसतं. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्या देशानं आदरार्थी बोलणं जवळजवळ टाकूनच दिलं आणि सगळे एकमेकांना 'दू', म्हणजे 'तू', म्हणू लागले. प्राध्यापकही नावानंच. तेव्हा 'डिअर सर'पासून सुरू होणारी, तीन ओळी माफी मागणारी मेल लिहू नकोस. 'हाय' म्हणून नाव लिही आणि पुढे: 'मी इथपर्यंत आले, इथे अडते, अर्धा तास भेटाल का?'

नापास झालेल्या कोर्सची ओमटेंटा, म्हणजे फेरपरीक्षा, असते, आपल्या एटीकेटीसारखीच, फक्त तिला लाज चिकटलेली नाही. तिथल्या नियमाप्रमाणे विद्यापीठानं परीक्षेच्या संधींवर मर्यादा घातली तरी किमान पाच संधी द्याव्याच लागतात. उत्तीर्ण कोर्सच्या दाखल्यावर आधीची नापास वेळ सहसा दिसत नाही. मात्र परीक्षेला आधी नाव नोंदवावं लागतं, बहुधा दहा-बारा दिवस अगोदर. ती मुदत चुकवून दारातून परत आलेली मुलं मी पाहिली आहेत. आजच तारीख बघ. आणि तुझी तपासलेली उत्तरपत्रिका माग. स्वीडनमध्ये सरकारी विद्यापीठातली तपासून झालेली उत्तरपत्रिका सार्वजनिक कागद असतो. हा हक्क त्यांच्या १७६६ च्या मुद्रणस्वातंत्र्य कायद्यापासून चालत आलेला आहे. प्रत मागायला कारण द्यावं लागत नाही. ती समोर ठेवून शिक्षकांशी बोललीस तर अर्धा तास सत्कारणी लागेल.

आता मला खरं जे म्हणायचं आहे त्याकडे येते.

तू एकटेपणाचा दोष त्या अकरा गप्प माणसांवर ठेवते आहेस. मला तुझं पत्र वाचून वेगळं वाटलं. तुझ्याशी रोज बोलणारी, तुझ्यावर जीव टाकणारी माणसं तुझ्या फोनमध्ये आहेत. पण ती बोलतात ते फोटोतल्या मुलीशी, जी बर्फात हसते, जिचं सगळं मस्त चाललंय. पप्पा 'शाब्बास' म्हणतात ते तिला पोचतं, तुला पोचत नाही. फोन ठेवल्यावर खोली आधीपेक्षा जास्त रिकामी वाटते ना? स्वीडिश माणसं गप्प आहेत हे खरंच, पण ती अजून तुझी कुणी नाहीत. जी तुझी आहेत त्यांच्याशी तूच बोलणं बंद केलं आहेस, रोज फोन करूनसुद्धा. दार लावून बसलेलं एक माणूस तूही आहेस.

घरच्यांना झेपणार नाही, असं तू गृहीत धरलंस. कशावरून? तुझे वडील द्राक्षबाग करतात. ऑक्टोबर छाटणी झाली, फुटवे निघाले, आणि अवकाळी पावसानं घड कुजले, डाऊनी रोग आला, औषधांच्या फवारण्यांत वर्षाचा पैसा गेला, असं त्यांच्या आयुष्यात एकदा तरी झालं असेलच. आणि पुढच्या एप्रिलला ते पुन्हा खरड छाटणीला उभे राहिले असतील. त्या माणसाला मुलगी एका पेपरात नापास झाली हे ऐकवणार नाही? त्यांना वाईट वाटेल. जमिनीची काळजी वाटेल, ती रास्त आहे. कदाचित दोन दिवस धड बोलणार नाहीत. पण तारण ठेवलेली जमीन त्यांची आहे, ते कर्ज त्यांच्या नावाशी बांधलेलं आहे, आणि त्याबद्दलची खरी हकीकत माहीत असण्याचा त्यांचा हक्क आहे. तू त्यांना जपते आहेस असं तुला वाटतं, पण ते गावात फोटो दाखवत फिरताहेत आणि त्यांना आपल्याच घरातलं काही ठाऊक नाही. उद्या ते दुसऱ्या कुणाकडून कळलं तर नापास झाल्याचं दुःख मागे पडेल आणि 'मला सांगितलं का नाही' हे उरेल.

मी माझ्या आईला फेब्रुवारीत सांगितलं, फोनकार्डची मिनिटं मोजत. मला वाटलं होतं, ती रडेल. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. तू हल्ली भांडत नाहीस." घरच्यांना तपशील कळत नाहीत, पण काहीतरी बिनसलंय हे त्यांना पुष्कळदा माहीत असतं. मग तेही तुला बरं वाटावं म्हणून 'इकडे सगळं छान' म्हणत राहतात.

सांगायचं कसं, तेही लिहिते, कारण अडतं ते तिथेच. आईला आधी सांगून तिच्या तोंडून पप्पांना कळवायचा मार्ग घेऊ नकोस, त्यानं ओझं आईच्या खांद्यावर जातं. दोघांना एकत्र बसव. तुझ्याकडे रविवारी दुपारी चार वाजता फोन कर, घरी तेव्हा साडेआठ झालेले असतील, जेवणं आटोपत आलेली असतील. निर्णय सांगू नकोस, हकीकत सांग. 'मी एका विषयात नापास झाले आहे. परीक्षा पुन्हा देता येते, तारीख अमुक आहे. मला इथे फार एकटं वाटतं. मी परत येते असं सांगायला फोन केलेला नाही. तुम्ही लगेच काही करायचं नाही, फक्त तुम्हाला माहीत असावं.' एवढं बोल आणि गप्प राहा. घाबरून ते 'मग ये परत' म्हणतील, किंवा रागानं 'आम्ही एवढं केलं आणि तू' म्हणतील. दोन्हींची तयारी ठेव. दोन्हींवर एकच उत्तर पुरेल: 'मला मार्चअखेरपर्यंत वेळ द्या.' आणि या सगळ्यात मेहेरबानी करून त्यांचं फोटो दाखवणं त्यांना ऐकवू नकोस.

मार्चअखेर आली की काय करता येईल, तेही आत्ताच नजरेखालून घाल, म्हणजे 'राहा किंवा परत ये' अशी दोनच दारं आहेत असं वाटणार नाही. पुढे चालू ठेवणं हा एक पर्याय. दुसरा फार जणांना माहीत नसतो: स्वीडनमध्ये १२० क्रेडिटच्या दोन वर्षांच्या मास्टर्सखेरीज ६० क्रेडिटची एक वर्षाची 'मागिस्टर' ही पदवी असते. त्यात मुख्य विषयाची किमान ३० क्रेडिट आणि त्यातच किमान १५ क्रेडिटचा प्रबंध लागतो. तुझ्या विषयात ती मिळते का, तुझे कोर्स तिच्यात बसतात का, हे अभ्यासक्रमाच्या सल्लागाराला लेखी विचार. मिळत असेल तर एका वर्षानं पदवी घेऊन परतणं हाही मार्ग आहे, आणि दुसऱ्या वर्षाची फी वाचते. तिसरा पर्याय सत्रभराच्या सुट्टीचा. इथे मात्र जपून. तुझा निवास परवाना पूर्णवेळ शिक्षणासाठी आहे आणि तो वाढवताना तू किती क्रेडिट पूर्ण केलीस हे बघतात, त्यामुळे सुट्टी घेण्याआधी विद्यापीठाला आणि स्थलांतर खात्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. ही चौकशी मेलवर कर, फोनवर नको.

आणि चौथा, परत येण्याचा. घरी खरं सांगून झालं, गरम जेवण सुरू झालं, दुपारी बाहेर पडलीस, डॉक्टरांना भेटलीस, एक ओमटेंटा दिलीस, आणि तरीही मार्चच्या लख्ख सकाळी उठताना छातीवर दगड असेल, तर परत ये. मी तुझ्या बाजूनं असेन. तेव्हाही पद्धतशीर यायचं: पूर्ण केलेल्या कोर्सचा दाखला घ्यायचा, ती क्रेडिट वाया जात नाहीत, पुढच्या सत्राची फी भरण्याआधी कळवायचं, आणि बँकेला स्वतः जाऊन सांगायचं, कारण शिक्षण मध्येच थांबलं की हप्ते सुरू होण्याची तारीख बदलू शकते. 'तोंड कसं दाखवू' या प्रश्नाचं माझ्याकडे मोठं उत्तर नाही. गाव पंधरा दिवस विचारील, मग दुसऱ्या कुणाच्या पोरीबद्दल विचारील.

या निमित्तानं इतर घरांसाठीही थोडं. 'तिकडे शिक्षण फुकट असतं' हे अजून ऐकू येतं. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना डेन्मार्कनं २००६ मध्ये, स्वीडननं २०११ मध्ये आणि नॉर्वेनं २०२३ मध्ये फी लावली. म्हणजे आता तिकडे जाणारं बहुतेक प्रत्येक मूल शिष्यवृत्ती नसेल तर डोक्यावर आकडा घेऊन जातं. त्याला विमानतळावर सोडतानाच एक वाक्य बोलून ठेवा: 'पहिल्या सत्रात नापास झालास, झालीस, तरी आधी आम्हाला सांग.' ऑगस्टमध्ये पोरं तिथे उतरतात तेव्हा रात्री आठलाही उजेड असतो, सगळं चित्रासारखं दिसतं. खरी परीक्षा नोव्हेंबरात सुरू होते, तेव्हा फोन वाढवा. आणि 'बर्फ दाखव' ऐवजी 'आज कुणाशी बोललीस?' असं विचारा. उत्तराआधी किती वेळ गेला, ते ऐका. घरी इथे कुणाला काळजीनं झोप लागत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी मदतक्रमांक आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.

आता ती रात्री दहाची किंचाळी. उप्सालाच्या फ्लोग्स्ता भागातल्या विद्यार्थ्यांची ती जुनी रीत आहे. अभ्यासाचा, परीक्षेचा, अंधाराचा साठलेला ताण सगळे मिळून खिडकीतून बाहेर टाकतात. दिवसभर एकमेकांशी न बोलणारी हीच मुलं. रविवारी घरी फोन झाला की त्या रात्री दहाला खिडकी लावू नकोस, उघड, आणि पोटातून ओरड, मराठीत ओरडलीस तरी चालेल. फोन कसा झाला ते मला कळव.

तुझी,
ताई